दारची जास्वंद



भाद्रपदातल्या चतुर्थीला भल्या पहाटे गावोगाव एक चोरी होते, आणि तिची फिर्याद कुणी कधी देत नाही. पोरे परडी घेऊन कुंपणाकुंपणाने हिंडतात आणि जिथे तांबडी जास्वंद दिसेल तिथे हात घालतात. घरधनी उठून पाहतो तो खालच्या फांद्या सगळ्या मोकळ्या. शेंड्याची दोन फुले तेवढी देवासाठी उरलेली. पण मला आज बोलायचे आहे ते या घरधन्याशी नव्हे. ज्याच्या दारी पुरुषभर उंच झाड आहे, पाला गच्च आहे, आणि नेमके त्याच दिवशी एक फूल नाही, त्याच्याशी. 'आमची जास्वंद वांझ निघाली,' असे तो म्हणतो. झाड वांझ नसते. बहुधा ते त्या जागेला न साजणारे निवडलेले असते, नाहीतर त्याची छाटणी भलत्याच महिन्यात झालेली असते.

निवडीपासूनच सुरुवात करू. जास्वंद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती पाच पाकळ्यांची, तांबडी, एकेरी. हिला कुणी गावठी म्हणतात, आणि म्हणताना थोडे नाक मुरडतात. माझे मत विचाराल तर पहिले झाड हेच लावावे. ऊन, पाऊस, कमीजास्त पाणी, सगळे ती सोसते आणि बाराही महिने थोडीफार फुलते. तिच्याखालोखाल तांबडी दुपदरी, म्हणजे गुच्छाची. फूल भरदार, हारात शोभून दिसते. पण पाण्यात हयगय झाली की कळ्या आधी हिच्याच गळतात. पांढरी आणि फिकट गुलाबी एकेरी जास्वंदही आपल्याकडे चांगली टिकते.

झुंबरासारखी खाली लोंबणारी, पाकळ्या कातरीने कातरल्यासारख्या असलेली एक जात तुम्ही पाहिली असेल. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली. अर्धवट सावलीतही ती फुलते, म्हणून ज्यांच्या अंगणात आंब्याफणसाची छाया आहे त्यांनी ती जरूर लावावी. सकाळी पांढरी उमलून दुपारी गुलाबी आणि सांजेला लालसर होणारी जी आहे ती चीनकडली, आणि तिचे झाड चांगले उंच होते. लहान अंगणात तिला जागा पुरत नाही. मिरचीसारखी मिटलेलीच राहणारी ही तर खरी जास्वंदच नव्हे, चुलत बहीण म्हणा. पण कुंपणाला तिच्यासारखी दुसरी नाही.

आता त्या रोपवाटिकेतल्या जास्वंदी. नारिंगी, पिवळ्या, जांभळट, मध्यभागी तांबडा डोळा, फूल ताटलीएवढे. विसाव्या शतकात हवाई बेटांत आणि इतरत्र अनेक जातींचे संकर करून या तयार झाल्या. दिसतात मोठ्या देखण्या, यात शंका नाही. मीही एकदा डिसेंबरात असेच एक पिवळे फूल पाहून कुंडी घरी आणली. गुडघ्याएवढे झाड, त्यावर सात कळ्या. मोठ्या हौसेने काळ्या मातीत लावले. कळ्या आठवड्यात गळाल्या, एप्रिलात पाने पिवळी झाली आणि पावसाळ्यात मूळ कुजले. दोष विकणाऱ्याचा म्हणावा तर तसे नाही. मी फूल विकत घेतले, झाडाची चौकशीच केली नाही! कुंडीतली विक्रीची जास्वंद ठेंगणी राहावी म्हणून तिला वाढ रोखणारे औषध देण्याची पद्धत जगभर आहे. त्याचा अंमल ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीकडे धावते. शिवाय ते वाढलेले असते नारळाच्या भुश्श्यात. तो गोळा तसाच चिकण काळ्या मातीत पुरला तर मुळे बाहेर सरकत नाहीत आणि पावसाळ्यात भुसा पाण्याने थबथबून राहतो. अशी कुंडी आणलीतच, तर लावताना कडेचा भुसा हलक्या हाताने झाडून टाका, मुळे थोडी मोकळी करा आणि पहिले वर्ष तिला मोठ्या कुंडीतच, दुपारच्या उन्हाच्या आडोशाला ठेवा.

त्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग सांगतो. आपल्याच गावातले एखादे झाड वर्षभर पाहा. वैशाखात ते कसे दिसते, आषाढात किती फुलते, गणपतीत काय करते, हे सगळे ध्यानात ठेवा. जे मनात भरेल त्याच्या मालकिणीकडे जाऊन फांदी मागा. नाही म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही. तुमच्याच मातीत, तुमच्याच पाण्यावर जे वाढले त्याची फांदी तुमच्या दारी दगा देण्याचा संभव कमी. आणि जास्वंद फांदीपासूनच करायची, कारण आपली तांबडी जास्वंद बी क्वचितच धरते, आणि संकरातले बी पेरले तर प्रत्येक रोप वेगळे निपजते. आईसारखे एकही नाही.

फांदी पेन्सिलीएवढ्या जाडीची, ना कोवळी ना जून, वीतभर लांब घ्यावी. तीनचार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. शेंड्याची दोन पाने ठेवून बाकी काढून टाका. मृगाचे दोन पाऊस झाले की वाळू मिसळलेल्या मातीत तिचा तिसरा हिस्सा पुरा आणि सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मूळ धरते. मधूनमधून उपटून पाहू नका, बरं का. ही खोड लहान मुलांनाच असते असे नाही. एक हवी असेल तर पाच लावा. जगलेल्यांपैकी एक ठेवून बाकी वाटून टाका.

रोप पक्क्या जागी लावताना दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. दोन घमेली कुजलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. काळी जमीन असेल तर वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा आणि जागा थोडी उंच करा; पाणी तुंबलेले हिला खपत नाही. जागा अशी पाहा की निदान पाच तास ऊन लागेल. आपल्या आजीने जास्वंद मोरीच्या पन्हळीजवळ लावली ती उगीच नव्हे. तिथे रोज थोडे पाणी ठरलेले. एक दिवस घागरभर आणि मग चार दिवस कोरडे, असे झाले की कळ्या गळतात. मात्र हल्ली मोरीतून धुण्याच्या पावडरीचे पाणीही जाते, ते मुळाशी सोडू नका. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर झाडाला लोह मिळत नाही असे समजा. तिथे रासायनिक खताचा मारा करण्यापेक्षा शेणखत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन वाढवलेले बरे.

आणि छाटणी. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर. छाटल्यावर नवी फूट येऊन, तिला कळी धरून फूल उमलायला दोनतीन महिने लागतात. मग तुम्हीच हिशेब करा. आपण काय करतो? श्रावणात झाड वाटेवर आले म्हणून कोयता चालवतो आणि चतुर्थीला फूल शोधतो! छाटणी मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर करावी. फांद्यांचा तिसरा हिस्सा कमी करा, वाळलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या मुळापासून काढा. त्यानंतर गणपती होईपर्यंत कोयता खुंटीला.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या आवारात एकेरी जास्वंद हवीच. फुलाचे भाग शिकवायला इतके मोठे आणि उघड फूल दुसरे कुठले? पुंकेसरांची नळी उभी चिरली की तिच्या आतून गेलेला कुक्षीवृंत आणि टोकाच्या पाच कुक्ष्या मुले नुसत्या डोळ्यांनी पाहतात. मग दुपदरी फूल हाती द्या. त्यात अर्धी पाकळी आणि अर्धा पुंकेसर असे एखादे अंग सापडते. ज्यादा पाकळ्या कुठून आल्या ते न सांगता कळते. पाकळ्या गरम पाण्यात भिजवून जो रंग निघतो त्यात लिंबू पिळले तर तो लालभडक होतो आणि खायचा सोडा टाकला तर हिरवा. लिटमसची पेटी शाळेत नसली तरी धडा अडत नाही.

शेवटी एक गोष्ट द्राक्षवाल्यांना आणि कापूसवाल्यांना. फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. जास्वंद, भेंडी, कापूस ही एकाच कुळातली, त्यामुळे पाहुणे सारखेच. २००५ नंतरच्या दोनतीन वर्षांत गुजरात-पंजाबकडे कापसावर ज्या पिठ्या ढेकणाने कहर केला तो जास्वंदीवरही सुखाने राहतो. आणि द्राक्षाच्या घडात शिरणारी पिठ्या ढेकणाची एक जात तर जास्वंदीच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून बागेच्या किंवा कापसाच्या बांधाला जास्वंदीचे कुंपण करू नये. घराजवळच्या झाडावर ढेकूण दिसला तर ती फांदी कापून जाळावी, राहिलेला पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारावी. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही मोडावी, कारण ढेकणाच्या गोड पाण्यासाठी मुंग्याच त्याला सांभाळतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. मात्र फवारण्याआधी जरा थांबून पाहा. त्या पांढऱ्या घोळक्यात एखादा अंगावर लांब पांढरे झुपके असलेला, आकाराने मोठा आणि भराभर चालणारा जीव दिसला, तर तो ढेकूण नव्हे. काळ्या अंगाच्या, नारिंगी डोक्याच्या एका बारीक भुंगेऱ्याची ती अळी. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून कॉफीच्या मळ्यांसाठी आपल्या देशात आणला गेला, आणि अळी व भुंगेरा दोघेही पिठ्या ढेकूणच खातात. ती दिसली तर फवारणी राहू द्या. आठदहा दिवसांनी पुन्हा येऊन फांदी पाहा.