काचेवर राहिलेला पास

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. गाडीच्या काचेवरचं जुनं, चिवट स्टिकर कसं काढायचं? फौजेत आयुष्य घालवलेल्या माणसाने यावर बोलावं का? बोलतो, कारण यात चूक माझ्याच हातून झाली आहे.

मी नोएडात राहतो. दिल्ली परिसरात तेव्हा डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की नियमांचा ससेमिरा मागे लागायचा. म्हणून माझी गाडी त्याआधीच घाईघाईने एका डीलरला देऊन टाकली. कागद झाले, चाव्या दिल्या, मोकळा झालो. चार महिन्यांनी जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "अरे, तुझी गाडी बाजारात विक्रीला उभी आहे. काचेवर छावणीचा पास तसाच आहे." त्या पासची मुदत अजून संपायची होती.

विकायच्या आदल्या दिवशी मी तो काढायला बसलो होतो, हेही सांगतो. नखाने खरवडलं, कोपरा फाटला, "जाऊ दे, डीलर काढेल" म्हणून उठलो.

१३ डिसेंबर २००१ आठवा. संसदेच्या आवारात शिरलेल्या पाच हल्लेखोरांच्या पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरवर लाल दिवा होता आणि काचेवर गृहमंत्रालयाचं स्टिकर. ते बनावट होतं. त्या दिवशी ज्यांनी प्राण दिले, त्यांत सीआरपीएफच्या कॉन्स्टेबल कमलेश कुमारी होत्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्या लोकांना स्टिकर बनवावं तरी लागलं होतं. मी तर खरं स्टिकर गाडीबरोबर देऊन बसलो होतो. गेटवरचा गार्ड दिवसभरात शेकडो गाड्या बघतो. त्याची नजर आधी काचेच्या कोपऱ्यावर जाते, माणसावर नंतर. सोसायटीच्या पासचंही तेच.

आता कामाचं बोलू. दिल्लीच्या उन्हात वर्षभर भाजलेलं स्टिकर कडक होतं आणि पापडासारखं तुकड्यातुकड्यांनी निघतं. पण तेच ऊन आपल्या कामाला येतं. दुपारी गाडी अशी लावा की काचेवर थेट ऊन पडेल. अर्ध्या तासात गोंद मऊ होतो. जानेवारीत ऊनच नसतं, तेव्हा हेअर ड्रायर कमी आचेवर, वीतभर लांबून फिरवा. थंडगार काचेवर उकळतं पाणी कधीही ओतू नका, काच तडकेल.

पास बहुधा आतल्या बाजूने असतो. म्हणून आधी डॅशबोर्डवर जुना टॉवेल पसरा. मग एखादं निकामी प्लास्टिक कार्ड घ्या, काचेला जवळजवळ टेकवून कोपऱ्याखाली सरकवा. कोपरा सुटला की स्टिकर स्वतःवरच दुमडून, हळूहळू ओढा. हिसका दिलात की वरचा थर हातात आणि गोंद काचेवर. माझं नेमकं तेच झालं होतं.

उरलेल्या गोंदावर खोबरेल तेलात भिजवलेला कापूस वीस मिनिटं चिकटवून ठेवा. वर प्लास्टिकचा पापुद्रा राहिला असेल तर तो आधी काढा, नाहीतर तेल खाली पोचतच नाही. गोंदाच्या लोळ्या झाल्या की पुसून घ्या आणि शेवटी स्पिरिटने काच साफ करा. कोविडच्या काळातली सॅनिटायझरची पातळ बाटली घरात पडून असेल, तर तीही चालेल. तेलाचा पुसट थर राहिला तर रात्री समोरच्या गाडीचे दिवे काचेवर फाकतात, म्हणून हे टाळू नका. स्टिकरच्या कडेची चौकट दिसत राहते, तिथे फडकं दोनदा फिरवा.

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र नको. एक थेंब डॅशबोर्डवर पडला तर डाग कायमचा. बंद गाडीत पेट्रोलचा बोळा तर अजिबात नको. ब्लेड वापरायचंच असेल तर साध्या काचेवर, साबणाच्या पाण्याने ओली करून, धूळ आधी धुऊन. दिल्लीची धूळ म्हणजे सँडपेपरच. मागच्या काचेला आतून ब्लेड लावायचंच नाही. तिथल्या बारीक आडव्या रेषा म्हणजे डिफॉगर. एक रेष कापली की डिसेंबरच्या धुक्यात तेवढी पट्टी धुरकटच राहते. आपली मराठी मंडळी हौसेने "जय महाराष्ट्र" लावतात ते बाहेरून, त्यामुळे ते सोपं. माझं ते मी काढलंच नाही. त्याने कोणी गेट उघडत नाही!

सगळंच खरवडायचं नाही, हेही लक्षात ठेवा. इथल्या गाड्यांच्या पुढच्या काचेवर इंधनाचं रंगीत होलोग्राम स्टिकर असतं: पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिलेली ही व्यवस्था. ते गाडीचं आहे, तुमचं नाही. गाडीबरोबर जाऊ द्या. फास्टॅग उलटा: तो तुमच्या खात्याशी जोडलेला. तो काढताना फाटतोच, तसाच बनवलेला असतो. पण नुसता फाडून भागत नाही, ज्या बँकेने दिला तिच्याकडून बंद करून घ्या. नाहीतर नवा मालक जयपूरला जाईल आणि टोलचा मेसेज तुमच्या फोनवर येईल.

काढलेल्या पासचे तुकडे गोळा करा. नंबर वाचता येत असेल तर तो कात्रीने कापा आणि ज्या कार्यालयाने पास दिला त्यांना नंबर रद्द करायला सांगा.

मी फोन आला त्याच संध्याकाळी त्या बाजारात गेलो. सोबत खोबरेल तेल, कापूस आणि जुनं कार्ड. विक्रेत्याला वाटलं, साहेब गाडी परत घ्यायला आले. पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी नंबर रद्द करायला कार्यालयात गेलो. तिथल्या क्लार्कने विक्रीच्या कागदावरची तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "साहेब, मधले चार महिने?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं आणि मी सही केली.