मातीच्या वर्गाची हकीकत
(सुतार, कुंभार व पाथरवट बंधूंच्या सभेतील भाषण)



बेंदराला आमच्या गावचा कुंभार घरोघर मातीचे बैल देतो. त्याचा मुलगा शाळेत ढ ठरतो. पण त्याने वळलेल्या बैलाचे वशिंड पाहावे, नजर ठरत नाही. हे हात कशाच्या लायक, हे ठरवायचे कोणी? म्हणून आज एका अशा शाळेची हकीकत सांगतो, जिथे माती वळणे हाच धडा होता.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले व १८५७ साली मुंबईस त्यांच्या नावाची कलाशाळा निघाली. १८६५ साली रंगकाम, लोखंडकाम व मातीकाम असे तीन वर्ग सुरू झाले. मातीकामाचे शिक्षक जॉन लॉकवुड किपलिंग. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर त्यांनी शेतात राबणारी माणसे कोरली. ती मंडई आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाराचे नाव आणि दारावर शेतकरी! हा योग कोणी मुद्दाम जुळविला नसावा.

मातीकाम म्हणजे बाहुल्या नव्हेत. आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, ती सुकू नये म्हणून रोज ओले फडके. आकार पुरा झाला की वर प्लास्टरचा साचा घ्यायचा, आतली माती खरवडून काढायची, पोकळीत पुन्हा प्लास्टर ओतायचे आणि मग छिन्नीने साचा फोडायचा. हात घसरला की महिन्याची मेहनत गेली. विद्यार्थ्यांपुढे नमुने मात्र ग्रीक-रोमन पुतळ्यांचे. समोर समुद्रात घारापुरीची लेणी उभी, आणि गुरू परदेशी!

बोरीबंदरचे स्थानक १८७८ ते १८८८ या काळात बांधले. तेथली पानेफुले, पशुपक्षी यांचे कोरीव काम या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. पण घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती विलायतेच्या टॉमस अर्प यांनी केली. वेलबुट्टी तुमची, माणूस आमचा, अशी ही वाटणी होती, असे आम्ही समजतो.

ती वाटणी एका विशीच्या पोराने मोडली. गणपतराव म्हात्रे हे याच शाळेचे विद्यार्थी. १८९६ च्या सुमारास त्यांनी देवळाकडे निघालेली मराठी बाई प्लास्टरमध्ये घडविली. नेसणे आपले, चालणे आपले. हिंदुस्थानात ललितकला म्हणून शिल्प नाहीच, असे १८८० साली लिहिणारे बर्डवुडसाहेब, त्यांनाच या मूर्तीची वाखाणणी करावी लागली.

किपलिंग १८७५ साली लाहोरच्या कलाशाळेत गेले. तिथे त्यांच्या हाताखाली भाई रामसिंग नावाचा सुताराचा मुलगा तयार झाला आणि १९१० साली तोच त्या शाळेचा मुख्य झाला. सुतारबंधूंनी हे नाव लक्षात ठेवावे.

अलिबागजवळच्या सासवन्याचे विनायकराव करमरकर हेही असेच. घरी शेती आणि गणपती घडविण्याचे काम. गावात त्यांनी भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर रॉथफिल्ड यांनी पाहिले आणि त्यांना मुंबईच्या शाळेत धाडले. कलेक्टर त्या वाटेने आला नसता तर? पुढे त्याच हातांनी पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविला. त्या स्मारकासाठी शाहू महाराजांनी खटपट केली, १९२१ साली कोनशिला बसली. पुतळा उभा राहिला १९२८ साली. तो पाहण्यास महाराज राहिले नव्हते. सासवन्यास करमरकरांच्या घरी त्यांची कामे आजही पाहावयास मिळतात. गडीमाणसांचे चेहरे तर ओळखीचेच वाटतात.

आता कामाचे. कलेक्टरची वाट पाहत बसू नका. सरकारच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट अशा दोन परीक्षा असतात. ज्याच्या हातात ओढ आहे, मग तो मुलगा असो की मुलगी, त्याला त्या परीक्षांना बसवा. चौकशी शाळेतच होते. मास्तर नाही म्हणाले तर आम्हाला येऊन सांगा, आम्ही बरोबर येऊ.