चाकांची दुसरी जोडी: कोणाला हवी, कोणाला नको

आज मी बुकित पंजांगहून तुमच्याशी गाडीच्या चाकांबद्दल बोलणार आहे, त्यातही हिवाळी आणि उन्हाळी टायरबद्दल. विषय ऐकून काहींना हसू येईल. जिथे पहाटेसुद्धा पारा तेवीस-चोवीसच्या खाली क्वचित उतरतो, तिथे बसून हिवाळी टायरची चर्चा कशाला?

कारण आपली माणसं एका जागी राहत नाहीत. आज सिंगापूरला असलेलं कुटुंब पुढच्या वर्षी म्युनिकला किंवा मॉन्ट्रियलला असतं. सामान बांधताना मुलांची शाळा, व्हिसा, घर सगळं विचारलं जातं. गाडीच्या चाकांचा प्रश्न मात्र नोव्हेंबरात पहिली थंडी पडली की आठवतो, आणि तेव्हा गॅरेजवाल्याकडे तीन आठवडे वेळ मिळत नाही. शिवाय इथेच राहणारे आपण डिसेंबरच्या सुट्टीत मलाक्का-क्वालालंपूरला निघतो, ते नेमकं ईशान्य मोसमी पावसात. बर्फातला आणि पावसातला, दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नाने सुटतात: वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी तुमची गाडी कोणत्या रस्त्यावर असेल? चाकं त्या दिवसासाठी निवडायची, पार्किंगमध्ये शोभण्यासाठी नाही.

आधी रबराबद्दल थोडं. रबराचं आपल्या या बेटाशी जुनं नातं आहे. १८७७ साली लंडनच्या क्यू बागेतून रबराची २२ रोपं सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये आली. पुढे बागेचे संचालक हेन्री रिडले यांनी झाडाला इजा न होता पुन्हा पुन्हा चीक काढता येईल अशी पद्धत बसवली, आणि मलायात मैलोन्‌मैल रबराचे मळे उभे राहिले. गंमत म्हणजे उष्ण प्रदेशातल्या या झाडाचं रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं. म्हणून हिवाळी टायरमध्ये नैसर्गिक रबराचं प्रमाण सहसा जास्त असतं. उन्हाळी टायरचं मिश्रण वेगळं. ते तापलेल्या रस्त्यावर घट्ट राहतं, लवकर झिजत नाही, पण साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. कडक रबर रस्त्याला धरत नाही. सात हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे, अंदाज आहे. पण त्यातून एक गोष्ट कळते: हिवाळी टायर फक्त बर्फासाठी नसतो, तो थंडीसाठी असतो. रस्ता कोरडा दिसत असला तरी.

आपल्याला ही पद्धत नवी नाही. जून आला की घरोघरी पावसाळी चपला निघतात आणि चामड्याचे बूट माळ्यावर जातात. कोणी विचारत नाही की दोन जोड्या कशाला. थंड देशात गाडीचंही तेच.

काही ठिकाणी हा कायदाच आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. शेजारच्या ओंटारियोत सक्ती नाही, पण हिवाळी टायर लावले तर विम्याच्या हप्त्यात सवलत मिळते, ती मागून घ्या. जर्मनीत ठरावीक तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला ओलावा असेल तर योग्य टायर हवेतच, नाहीतर दंड. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर धरले जातात. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेले जुने टायर आता चालत नाहीत. कोणी स्वस्तात वापरलेले टायर देऊ केले तर आधी तो डोंगर शोधा.

आता चाकांकडे येऊ. दुसरे टायर घ्यायचे ठरलं की पुढचा प्रश्न असतो, रिमसकट घ्यायचे की नुसते टायर? माझं मत स्पष्ट आहे: दोन हिवाळ्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर रिमसकट घ्या. नुसते टायर घेतले तर वर्षातून दोनदा जुना टायर रिमवरून उतरवायचा, नवा चढवायचा, बॅलन्सिंग करायचं. मजुरी जास्त आणि टायरच्या कडेलाही त्रास. रिमसकट जोडी असेल तर चार-पाच नट काढले की चाक बदललं.

घरात मी हा हिशोब मांडतो तेव्हा लोक म्हणतात, झालं, एमबीए सुरू झालं. पण हिशोब सोपा आहे. समजा टायरचा एक संच ४०,००० किलोमीटर चालतो आणि तुम्ही वर्षाला १६,००० किलोमीटर चालवता. एकच संच वापरला तर अडीच वर्षांत संपेल. दोन संच आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून पाच वर्षं जातील. म्हणजे टायरचा खर्च दुप्पट होत नाही, फक्त आधी करावा लागतो. खरा जादा खर्च तीनच गोष्टींचा: रिम, चाकं ठेवायची जागा आणि बदलायची मजुरी. मात्र बर्फात चार मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरली की हिवाळी टायरची पकड बरीच कमी होते, म्हणून तो संच थोडा आधीच बाद होईल असं धरा.

रिम कोणत्या मापाची? टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ २०५/५५ आर १६. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आणि रिम १६ इंची. पूर्ण चाकाचा व्यास होतो सुमारे ६३२ मिलिमीटर. आता १९५/६५ आर १५ घ्या. त्याचा व्यास ६३४ आणि काही. आणि २२५/४० आर १८ घेतला तर ६३७. बाहेरून तिन्ही चाकं जवळपास सारखीच, म्हणून स्पीडोमीटरही फारसा फसत नाही. फरक कुठे पडतो? १८ इंची चाकात रबराची भिंत फक्त ९० मिलिमीटर, १५ इंचीत जवळजवळ १२७. बर्फाखाली लपलेला खड्डा किंवा फुटपाथची कड लागली की ती जाड भिंत रिमला वाचवते. थोडा अरुंद टायर बर्फ चांगला कापतो, आणि लहान मापाचे टायर सहसा स्वस्तही असतात. म्हणून थंड देशातले लोक उन्हाळ्यात मोठे अलॉय आणि हिवाळ्यात एक माप लहान पोलादी रिम लावतात. रस्त्यावरच्या मिठाने खराब झाली तरी पोलादी रिमचं वाईट वाटत नाही.

पण घाई नको. लहान रिम आतल्या ब्रेकला घासता कामा नये. गाडीच्या कागदपत्रांत कोणती मापं चालतात ते दिलेलं असतं, तिथून सुरुवात करा. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळला पाहिजे. बऱ्याच टोयोटांना पाच नट आणि ११४.३ मिलिमीटरचं वर्तुळ असतं, बऱ्याच फोक्सवॅगनना पाच आणि ११२. दिसायला सारखीच, पण एकाची रिम दुसऱ्याला बसत नाही. मधलं भोक, रिमची रुंदी, ती किती आत-बाहेर बसते ते माप आणि नटाची बैठक, हेही जुळवा. मेव्हण्याने जुनी चाकं फुकट देऊ केली तरी आधी आकडे मागवा. हवेचा दाब सांगणारा सेन्सर दुसऱ्या संचातही लागेल का, तेही विचारून घ्या. चाकं बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायचे. आणि थंडी वाढली की हवा तपासा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दोन पीएसआयने कमी होतो.

आता आपण सिंगापूरकर. इथे दुसरी जोडी नको. हिवाळी टायर इथल्या तापलेल्या डांबरावर भराभर झिजेल आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबेल. आपला वाईट दिवस पावसाचा. इथे वर्षाला सरासरी २,१०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बीकेईवर धो धो पाऊस आहे, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे आणि तुम्ही ताशी ९० ने चालला आहात असं समजा. २०५ मिलिमीटर रुंदीच्या एका टायरला दर सेकंदाला पंधरा लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. एका सेकंदात एक बादली! हे पाणी टायरच्या खाचांतून जातं. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. टायर गोटा झाला की पाण्याला वाट उरत नाही, गाडी पाण्यावर तरंगते, आणि मग स्टिअरिंग आणि ब्रेक नुसते हातापायात राहतात. म्हणून पावसाच्या देशात १.६ ची वाट पाहू नका, तीन मिलिमीटरला बदला. दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे लावा, कारण ओल्या वळणावर मागची बाजू घसरली की गाडी सावरणं फार कठीण.

वयही बघा. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या फक्त ऑफिस, शाळा आणि लिटल इंडियातली खरेदी एवढ्याच फिरतात. नक्षी शाबूत असते, पण आत रबर म्हातारं होत असतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, दहा वर्षं झाली की नक्षी कितीही दिसो, टायर बदला. जोहोर बाहरूत स्वस्त टायर घ्यायला जाल तेव्हाही आधी हे चार आकडे वाचा, मग भाव विचारा.

थोडक्यात, पारा सातच्या खाली महिनोन्‌महिने राहतो अशा गावी जात असाल तर दुसरी जोडी घ्या, रिमसकट, आणि ऑक्टोबर संपायच्या आत लावा. इथेच असाल तर एकच जोडी ठेवा, पण ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेली. टायरवर युरोपीय लेबल असेल तर त्यावर ओल्या पकडीची श्रेणी ए ते ई अशी दिलेली असते, ए किंवा बी बघा.

आज रात्री जेवण झाल्यावर मुलांना घेऊन खाली कारपार्कमध्ये जा. मोबाइलच्या उजेडात चारही टायरची नक्षी आणि ते चार आकडे वाचायला लावा. मुलांना हा खेळ वाटेल. तुम्हाला मात्र कळेल, डिसेंबरात सहकुटुंब वुडलंड्सच्या पलीकडे निघायला गाडी तयार आहे की नाही. प्रवास सुखाचा होवो.