रेघ आपल्या हातची
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाई घरी आल्या आणि "वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं" म्हणाल्या, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझा जन्म कागदावर रेघा ओढण्यात गेला. चार माणसांपुढे बोलण्याची सवय नाही. पण त्यांनी कारण सांगितले आणि मला नाही म्हणवेना. आपल्या भरतकामाच्या वर्गाला जोडून चित्रकलेचा वर्ग चालतो, तो ठेवावा की बंद करावा, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. सभेत एका तरुण भगिनीने विचारले म्हणे, "मोबाइलवर हजार नमुने मिळतात, मग हाताने काढायला शिकायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्यावर उपदेश करण्यापेक्षा मी स्वतः कशी शिकले तेवढेच सांगते. त्यातून काय घ्यायचे ते तुम्ही ठरवा.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतले एक आमच्या घरचे. हे एका गिरणीच्या छपाई खात्यात होते. खेरवाडीत आमच्या दोन खोल्या, घरात सासूबाई आणि दोन लहान मुले. पहिले दोन महिने उसनवारीवर निघाले. मग मला वाटले, शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या, रांगोळीत माझा हात बरा होता. साडीचे नमुने काढून विकावेत.

आता लाज वाटते, पण सांगते. शेजारणीची एक छापील साडी मी मागून आणली. तिच्यावर पातळ कागद ठेवला आणि नक्षी गिरवून घेतली. निळ्या फुलाचे गुलाबी केले, एक पान वळवले, आणि तो कागद घेऊन एका छपाईवाल्याकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, कपाटातून एक साडी काढली आणि शेजारी पसरली. "बाई, हा नमुना आमचाच आहे. आमचाच माल आम्हाला विकायला आणलात." रागावले नाहीत, चहा मागवला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक वृद्ध गृहस्थ राहत. एका गिरणीच्या डिझाइन खात्यात त्यांची हयात गेलेली. सारे त्यांना मास्तर म्हणत. ह्यांनी माझी हकीकत त्यांच्या कानावर घातली. मास्तर म्हणाले, "गिरवलं म्हणजे शिकल्या नाहीत. रविवारी सकाळी या. येताना पेन्सिल आणा, खोडरबर आणू नका."

पहिल्या दिवशी त्यांनी कुंडीतली जास्वंद पुढे ठेवली. मी पाच मिनिटांत पाच पाकळ्यांचे सुबक फूल काढून दाखवले. ते म्हणाले, "हे तुमच्या रांगोळीतलं फूल. कुंडीतलं काढा." मग मी प्रथमच नीट पाहिले. जास्वंदीची प्रत्येक पाकळी एका बाजूने शेजारणीच्या वर आणि दुसऱ्या बाजूने दुसरीच्या खाली असते. भोवऱ्यासारखा सगळ्यांना एकच पीळ असतो. पानाची कड दातेरी असते. रोज देवाला वाहिलेले फूल, आणि ते मी कधी पाहिलेच नव्हते! तीन आठवडे मी एकच फूल काढीत होते: समोरून, बाजूने, पाठीमागून, कळी असताना, कोमेजल्यावर. तीन आठवड्यांनी माझ्याकडे ते फूल काढण्याच्या चाळीस तऱ्हा होत्या, आणि त्यांतली एकही कुणाच्या साडीवरची नव्हती.

त्यानंतर रेघ. आपण बोटांनी लिहितो, म्हणून बोटांनीच चित्र काढतो, आणि लांब वेल कापरी येते. मास्तरांनी जुन्या वर्तमानपत्रांवर ब्रशने वेली काढायला लावल्या. मनगट सैल ठेवायचे, हात कोपरातून फिरवायचा, आणि वेल सुरू केली की शेवटापर्यंत थांबायचे नाही. स्वयंपाक आटोपला की मी जमिनीवर कागद पसरून बसे. मुले विचारीत, "आई, आज किती वेली?"

मग आला नमुन्याचा सांधा. कापडावर एकच चित्र पुन्हापुन्हा छापले जाते. ते जिथे एकमेकाला मिळते तो सांधा दिसता कामा नये. त्याची युक्ती सोपी आहे, वर्गातल्या मुलींनी घरी करून पाहावी. चौकोनी कागदाच्या मधोमध नक्षी काढायची, कडांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. मग कागद उभा मधोमध कापायचा आणि डावा भाग उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवून चिकटवायचा. आधीच्या बाहेरच्या कडा आता मध्ये येतात. तिथली मोकळी जागा नक्षीने भरायची. नंतर तसेच आडवे कापून वरचा भाग खाली न्यायचा आणि पुन्हा भरायचे. आता तो तुकडा चारी बाजूंनी स्वतःलाच जुळतो. फुले कवायतीसारखी ओळीत दिसू नयेत म्हणून शेजारचा तुकडा निम्म्या उंचीने खाली सरकवतात. शेवटी चार तुकडे भिंतीवर लावायचे, लांब उभे राहायचे आणि डोळे अर्धवट मिटून पाहायचे. कागदावर न दिसलेले पट्टे आणि भोके तेव्हा दिसतात.

रंगांचा धडा ह्यांनीच घरी दिला. पडद्याच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा पडदा लागतो. म्हणून एक रंग वाढला की खर्च वाढला. चार रंगांत बाग उभी करायची! शिवाय दोन रंगांच्या कडा किंचित एकमेकींवर चढवायच्या, नाहीतर मधून पांढरी फट दिसते. विणाईचे गणित निराळेच. तिथे चौकटीचा कागद घ्यायचा आणि एकेक घर म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एकेक गाठभेट समजायची. गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी येते. पैठणीवरच्या पोपटाची पाठ जवळून पाहा, किंवा विदर्भातल्या करवती काठाचे दाते पाहा. धागे मोजून काढलेली ती चित्रे आहेत. आपल्या वांद्र्याच्या पाली आणि रानवर या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन घरांतल्या लग्नाला चौकडीचे लुगडे नेसलेल्या बायका दिसतात. ती चौकडी नुसती मोजून कागदावर उतरवून पाहा. किती धाग्यांनी रंग बदलतो हे शोधताना एक दुपार जाते.

आता माझी फजिती ऐका. सहा महिन्यांनी मी साडीचा पहिला पुरा नमुना केला. अंगावर आणि पदरावर मोर, सगळ्यांच्या माना वरच्या काठाकडे. हे आणि त्यांचे दोन मित्र मिळून एक नग छापून आणला. सासूबाईंनी तो माझ्या अंगावर नेसवला, मागे फिरल्या आणि हसू लागल्या. "अगं, पुढचे मोर नाचतायत, पण पाठीवरचे सगळे आडवे झोपलेत!" खरेच होते. साडी कमरेभोवती आडवी गुंडाळली जाते, पण पदर खांद्यावरून पाठीवर उभा पडतो. म्हणजे पदरावरचे चित्र आधीच काटकोनात फिरवायचे आणि मोराची मान अंगाच्या बाजूला ठेवायची. मास्तरांनी हे सांगितले नव्हते. त्यांनी जन्मात साडी नेसलेली नव्हती. सासूबाईंना लिहितावाचता येत नव्हते, पण त्या दिवशी त्या माझ्या दुसऱ्या गुरू झाल्या.

मोर फिरवले. तोच नमुना मी त्याच छपाईवाल्यांकडे नेला, ज्यांचा चहा मला गिळवला नव्हता. त्यांनी या वेळी कपाट उघडले नाही. साठ रुपये दिले. छापलेले कापड घरी आले तेव्हा ह्यांनी त्याची कड अंगठा आणि बोटात धरून चोळली. वर्षभर त्यांच्या हाताला कापड लागले नव्हते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांधा दिसत नाही." ती गिरणी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही, पण आमचे घर त्या कागदांवर उभे राहिले.

भगिनींनो, हे माझ्या एकटीचे कौतुक नव्हे. आपल्या बायका चित्र काढीतच आल्या आहेत, फक्त त्याला कुणी कला म्हणत नव्हते. डहाणूकडे वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर सवाशिणीच लिहीत. १९६६-६७ च्या दुष्काळात मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी बिहारमधल्या मिथिलेत गेले आणि भिंतींवर चित्रे काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिले; त्या कागदांनी त्यांना दोन पैसे मिळवून दिले. आपल्या शेजारी, खारला, चित्रकार धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई राहत, जे. जे. स्कूलची पदविका त्यांनी १९३१ साली मिळवली. कापडाचा नमुना म्हणजे हलके काम, असेही कुणी समजू नये. सरकारने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे काढली, आणि प्रभाकर बरवे यांच्यासारखे मोठे चित्रकार तिथे वर्षानुवर्षे नोकरी करीत होते.

आता मोबाइलविषयी. मी त्याच्या विरुद्ध नाही. माझी नात संगणकावर नमुने करते. मी कात्री आणि डिंक घेऊन तासभर बसे, तो सांधा ती एका क्षणात जुळवते. नव्या डिजिटल छपाईत पडदेच नाहीत, त्यामुळे रंग मोजायचीही गरज उरली नाही. पण परवा तिने एक नमुना दाखवला, यंत्राने तयार करून दिलेला. दिसायला फार देखणा. मी म्हटले, "जास्वंदीच्या या दोन पाकळ्या दोन बाजूंना का वळल्यात?" ती पाहतच राहिली. नंतर गच्चीतल्या कुंडीपाशी जाऊन बसली, पेन्सिल घेऊन.

हाताने काढल्याने हात शिकतो, हे खरे. पण त्याहून जास्त डोळा शिकतो. ज्या डोळ्याने स्वतः फूल काढले आहे त्याला हजार नमुन्यांतला चांगला कोणता, चुकलेला कोणता आणि चोरलेला कोणता ते कळते. मला ते कळत नव्हते, म्हणून मी चोरलेला कागद घेऊन उजळ माथ्याने एका दारात गेले होते. तशी वेळ आपल्या वर्गातल्या कुणा मुलीवर येऊ नये.

म्हणून माझी विनंती अशी. वर्ग बंद करू नका. शनिवारी दुपारी मी येत जाईन, मानधन नको. पुढल्या वर्षीच्या प्रदर्शनात छापे गिरवलेली उशी-अभ्रे खुशाल ठेवा, पण एक टेबल असे ठेवा की त्यावरची प्रत्येक रेघ काढणारीची स्वतःची असेल. ती वाकडी असली तरी चालेल. येताना पेन्सिल आणा. खोडरबर आणू नका.