दप्तराची चेन आणि स्वावलंबनाचा पाठ



जावळी-पाटणच्या डोंगरांत पावसाची झोड असते, तर माण, आटपाडी आणि जत या भागांत धुळीचे राज्य असते. दप्तराची चेन बिघडली की एकीकडे वह्या भिजतात, दुसरीकडे पेन्सिल-पट्टी वाटेत गळून पडते. ज्या घरी नवे दप्तर सहज येत नाही, त्या घरचे मूल उघडे दप्तर छातीशी धरून शाळेत येते व वर्गात संकोचून बसते. वस्तुतः पुष्कळदा बिघाड दप्तराचा नसतो, चेनचाही नसतो. तो केवळ रनरचा असतो.

चेनचे कार्य समजले म्हणजे दुरुस्ती सुचते. रनरच्या पोटात मध्यभागी एक लहानशी पाचर असते. लाकूड फोडणारी पाचर खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेली आहे. तीच येथे चेन उघडताना दातांच्या दोन ओळी विलग करते. चेन लावताना रनरच्या दोन्ही भिंती त्या ओळी जवळ आणून दात एकमेकांत बसवितात. या रचनेचे पेटंट गिडियन सुंडबॅक यांना अमेरिकेत 1917 साली मिळाले.

आता परीक्षा करावी. रनर पुढे जातो, पण मागे दात उघडेच राहतात, तर रनरच्या भिंती झिजून फाकलेल्या आहेत असे समजावे. पकडीने रनरच्या मागील भागाच्या दोन्ही कडा आळीपाळीने, अगदी हलके दाबाव्यात. हे काम शिक्षकाने स्वतः करावे. जोर अधिक झाला तर रनर तडकतो. रनर अडखळत असेल, तर जुन्या ब्रशने धूळ झाडून दातांवर मेणबत्ती घासावी. तेल लावू नये. त्यावर धूळ अधिकच चिकटते. ओढण्याची पट्टी तुटली असेल, तर त्या कडीत मजबूत दोरा ओवला तरी भागते.

रनर निकामी झाला असेल, तर नवा घालावा. बहुतेक रनरांच्या पाठीवर 3, 5, 8 असे क्रमांक असतात. ते मिटलेल्या दातांच्या रुंदीचे साधारण मिलिमीटर होत. क्रमांकाबरोबर दातांचा प्रकारही जुळला पाहिजे, कारण नायलॉनच्या वेटोळ्याचा रनर धातूच्या दातांवर चालत नाही. चेन उघडताना रनर जेथे थांबतो, त्या टोकाची शिवण थोडी उसवावी. रनरच्या दोन तोंडांत दोन्ही पट्ट्यांची टोके समान पातळीवर घालून तो पुढे सरकवावा. मागे दात जुळत आल्यास काम साधले. मग टोकाशी दातांवरून जाड दोऱ्याचे सात-आठ टाके घालून शिवण पूर्ववत करावी. दात मधोमध तुटले असतील किंवा पट्टी फाटली असेल, तर मात्र पूर्ण चेन बदलणेच योग्य. ते काम शिंप्याकडे किंवा पिशव्या शिवणाऱ्या कारागिराकडे द्यावे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्या वसतिगृहांतील मुले आपली कामे आपल्या हातांनी करीत. श्रमाची लाज वाटू नये, हा संस्कार या मातीत तेव्हापासून रुजला आहे. शाळेच्या कपाटात एक पकड, जाड सुई-दोरा, मेणबत्तीचा तुकडा व दोन-चार रनर ठेवले, तर कार्यानुभवाच्या तासाला हाच संस्कार पुढे चालविता येईल. वरच्या वर्गातील मुलांनी खालच्या वर्गातील मुलांची दप्तरे तपासावीत.

मात्र एक पथ्य पाळावे. कोणाचे दप्तर मोडके आहे, हे वर्गासमोर विचारू नये. सर्वांचीच दप्तरे एका दिवशी तपासली, म्हणजे कोणाची गरिबी उघडी पडत नाही. चेन दुरुस्त होते, वह्या सुरक्षित राहतात, आणि बिघडलेली वस्तू टाकण्यापूर्वी ती उघडून पाहावी ही बुद्धी मुलांच्या अंगी येते. विज्ञानाच्या पाठाचे फळ याहून निराळे ते कोणते?