जिभेवरचा व्रण आणि तरणे वय



कपाशीवर बोंडअळी दिसली की आपण त्याच दिवशी धावपळ करतो. पण तिशीतल्या पोराच्या जिभेच्या कडेला व्रण पडला, तर आपण म्हणतो, "उष्णता झाली, जाईल." आणि सुगी उलटून जाते.

तरण्या वयात कॅन्सर होत नाही, ही समजूत घात करते. तंबाखू-चुना, खर्रा आपल्याकडे मिसरूड फुटायच्या आधीच सुरू होतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली, तरी सवय सुटली नाही. नुसती सुपारीही कॅन्सर करते. कसलेच व्यसन नसलेल्यांनाही तो गाठतो.

तरुणाचा कॅन्सर म्हणजे मरणच, हेही खरे नाही. वयापेक्षा रोग केव्हा सापडला याला जास्त महत्त्व आहे. तो जिभेवरून मानेतल्या गाठींत उतरतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले, बहुतेक जिभेच्या कॅन्सरचे. पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठीही काढल्या, त्यांतले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबले, त्यांतले ६७.५ टक्के. थांबण्याची किंमत ही अशी!

तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, ही भीती खोटी आहे.

तेव्हा आम्ही एवढेच सांगतो : दोन आठवड्यांत व्रण भरला नाही, तर पोराला डॉक्टरांकडे न्या. पेरणी दोन दिवस थांबेल, कॅन्सर थांबत नाही.