भुताच्या सिनेमातली बाई

(मुळशी तालुक्यातील महिला मंडळांच्या पौड येथील मेळाव्यात केलेले भाषण)



भुताचे सिनेमे आपण सगळ्याच बघतो. घाबरतो, हसतो, घरी येऊन झोपतो. करमणूक म्हणून त्याला हरकत नाही. पण पडद्यावरचे भूत येते कुठून? ते आपल्याच गावातल्या धर्मकल्पनांमधून येते.

भुतांची नावे आठवा. मुंज झाल्यावर, सोडमुंजीआधी मुलगा मेला तर मुंजा. विद्वान ब्राह्मण मेला तर ब्रह्मराक्षस. पुरुषाचे भूत संस्कारावरून, विद्येवरून ठरते. बाईचे कशावरून? सवाष्ण मेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात किंवा विटाळात मेली तर हडळ. भागाभागात नावे बदलतील, पण हिशेब हाच. नवरा होता का, मूल झाले का, पाळी चालू होती का? मेल्यावरही बाईची ओळख एवढीच!

सिनेमा हाच हिशेब उचलतो. मोकळे केस, कपाळभर मळवट, घुमणे. नवरात्रात या खुणा दिसल्या की आपण पाया पडतो, ओटी भरतो. पडद्यावर त्याच दिसल्या की ती चेटकीण. देवी की भूत, हे ठरवणारा मांत्रिक बहुतेक वेळा पुरुष, आणि शेवटी मंत्र म्हणून तिला गप्प करणाराही तोच.

२०२४ साली 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा आला. त्यात कोकणातला एक मुलगा आपल्याहून मोठ्या मुलीशी लग्न करायचा हट्ट धरतो. त्यासाठी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, मरतो आणि मुंज्या होतो. पुढे काही पिढ्यांनी तो दुसऱ्याच मुलीवर हक्क सांगतो. आपण घाबरतो, पण पोट धरून हसतोही. एकतर्फी प्रेमातून मुलींवर वार होतात, तोच हा हट्ट. तो मात्र पडद्यावर गमतीचा होतो. हडळीच्या वाट्याला असे हसू क्वचितच येते.

विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' (२०१७) वेगळी वाट धरतो. उसाच्या फडातल्या घरात आठ महिन्यांची गरोदर बाई राहायला येते. भुते दिसतात, पण भीतीचे मूळ भुतांत नाही. मुलगाच हवा म्हणून संपवलेल्या मुलींत आहे. हा सिनेमा 'भूत काय करील' एवढ्यावर थांबत नाही. 'ती का मेली' हेही विचारतो.

आपल्या कामात हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. डोंगरातल्या वाडीवरून बाळंतिणीला डोलीतून खाली आणेपर्यंत रक्तस्रावाने ती गेली, तर लोक म्हणणार हडळ झाली. रस्ता नव्हता, अंगात रक्त नव्हते, हे कोणी म्हणत नाही. जी जगते पण झोपत नाही, बडबडते, बाळाला जवळ घेत नाही, तिला हडळीने धरले म्हणून देवऋषाकडे नेतात. मी अशा घरांत गेले आहे. आपल्या आज्या याला बाळंतवेड म्हणत. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. पण तक्रार करायला घरातले कोणीतरी उठले पाहिजे, आणि घरात तर भीती बसलेली असते.

म्हणून सुचवते. मंडळात एकदा असा सिनेमा मुद्दाम एकत्र बघा. नंतर दिवा लावून गोल बसा आणि दोनच प्रश्न विचारा. ती कशाने मेली? तिला भूत कोणी ठरवले? दुसऱ्या प्रश्नानंतर बाया आपल्या सासरच्या, माहेरच्या गोष्टी सांगू लागतात. त्या लिहून ठेवा. आपल्या कामाची सुरुवात तिथूनच होईल.